हेमिस राष्ट्रीय उद्यान: ऑगस्टमधील वाटचाल आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

हवेचा अंदाज घेण्याच्या आम्हा ठाणेकरांच्या खुणा दोनच: पाऊस किती लागला आहे आणि घामाच्या धारा किती लागल्या आहेत. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही सहा जण लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानात गेलो, तेव्हा या दोन्ही खुणा निरुपयोगी ठरल्या.

लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, पिशवी उघडली तर बाकरवडीचे पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले होते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. पाकिटाला जे झाले त्याची झळ शरीरालाही बसते, फक्त ती उशिरा कळते. येऊरच्या चढावर दोन महिने केलेल्या सरावाने पायांत बळ आले होते, परंतु विरळ हवेची सवय सरावाने होत नाही, ती तेथे राहूनच होते. विमानाने जाणाऱ्यांनी लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी आणि उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइडसारख्या गोळ्यांबद्दल, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असल्यास, निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

तिसऱ्या दिवशी गाडीने झिंगचेनपर्यंत जाऊन आम्ही ओढ्याच्या काठाने रुंबक गावी चालत पोहोचलो आणि एका घरी उतरलो. आमच्यातील वयाने सर्वांत मोठे अण्णा संध्याकाळपासून डोके दुखत असल्याचे सांगत होते, पण त्यांचे निदान ठरलेले होते: ‘पित्त झालंय, उपाशी चाललो ना.’ गोळी घेऊन ते झोपले. पहाटे वाटाड्याने त्यांना अंगणात टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितले, तेव्हा चौथ्याच पावलाला ते भिंतीवर रेलले. तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते आणि अशा वेळी वाट पाहणे धोक्याचे असते, हे वाटाड्याने आम्हाला ऐकवले आणि चहाही न घेऊ देता अण्णांना घोड्यावर बसवून खाली आणले. परतीची गाडी सांगून ठेवलेली नव्हती, ही चूक सर्वस्वी आमची. झिंगचेनला दीड तास ताटकळावे लागले. लेहच्या रुग्णालयात प्राणवायू आणि औषधे मिळाल्यावर संध्याकाळी ते जेवणाची चौकशी करू लागले. रात्री डोके दुखले तर त्याला पित्त समजू नये, वर चढू नये, आणि उलटी किंवा तोल जाणे सुरू झाल्यास ताबडतोब खाली उतरावे. महाराष्ट्रातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून गटात एक तरी पोस्टपेड असावे.

दोन दिवसांनी आमच्यापैकी चौघे पुन्हा वर गेलो. सकाळी घोट्याइतका असलेला ओढा दुपारी बर्फ वितळल्याने गढूळ होऊन गुडघ्याच्या वर आला होता. तो ओलांडायचा तर सकाळीच. पावसाचे गणितही निराळे आहे. लेहला वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, जो ठाण्यात जुलैच्या एका दिवसातही पडून जातो. मात्र तेथील उघड्याबोडक्या उतारांवर पाणी धरून ठेवायला झाडोरा नाही, त्यामुळे थोड्या वेळात जोराची सर आली की चिखल आणि दगडधोंडे एकदमच खाली येतात. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेह परिसरात अशाच लोंढ्याने २०० हून अधिक माणसे गेली. कोरड्या नाल्यात सपाट जागा कितीही मोहक दिसली तरी तंबू तेथे ठोकू नये. ढग वरच्या खोऱ्यात दिसले तरी उंच काठ गाठावा.

घाम तेथे दिसतच नाही, कारण तो येताक्षणी वाळतो. धुतलेला पंचा अर्ध्या तासात कडक झाला, तेव्हा कुठे आम्हाला पाण्याचे महत्त्व पटले. तहान लागण्याआधीच थोडे थोडे पाणी पीत राहावे. उन्हाचा चष्मा, ओठांना मलम आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

चालण्यासाठी जून ते सप्टेंबर हा काळ बरा. हिमबिबट्याच्या ओढीने जाणारे मात्र जानेवारी ते मार्च निवडतात, आणि तेव्हा रात्री तापमान उणे २० अंशांखाली जाऊ शकते. खराब हवेने विमाने रद्द होतात, म्हणून परतीपूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत. वाटाड्याने हिवाळ्यासाठी सांगितलेली एक युक्ती येथे नोंदवतो: रात्री पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठत जाते आणि सकाळी बाटली सरळ केली की तोंडाशी प्यायला पाणी मिळते.