दोराच्या झाडांचं जेवण

कैरोतल्या चौथ्या दिवशी आम्ही ऐश करायचं ठरवलं. तीन दिवस पिरॅमिड, म्युझियम आणि खान अल-खलिली बाजाराच्या गल्ल्या कोशरीवर निभावल्या होत्या. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोची आंबट-तिखट चटणी आणि तळलेला कांदा; कुणीतरी खिचडी टाकायला घेतली आणि फडताळातले सगळेच डबे उपडे केले, तसा प्रकार. चवीला झकास. पण सुट्टीत एकदा तरी मांडीवर रुमाल पसरून जेवावं, असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून नाईलमधल्या बेटावरच्या जमालेक भागात, जुन्या थाटाच्या आणि नव्या दराच्या एका हॉटेलात गेलो.

जड लाकडी दार, आत पिवळा मंद उजेड, पितळी परातींची टेबलं. ती इतकी बुटकी की आईच्या गुडघ्यांनी दारातच हाय खाल्ली. वेटरने न सांगता एक उंच खुर्ची आणून दिली, त्यामुळे पूर्ण जेवणभर आई आमच्यावर अध्यक्षस्थानावरून नजर ठेवून होती. इजिप्तच्या नामवंत गायिका उम्म कुलसुम यांचं गाणं लागलेलं. बाई १९७५ साली गेल्या, पण कैरोत त्यांना कुणी तसं कळवलेलं दिसत नाही. आम्ही टेकलो तेव्हा त्या जी ओळ आळवत होत्या, ती सरबत येईपर्यंत सुटली नव्हती.

सरबत गडद लाल. करकदे. आईने एक घोट घेतला, जीभ टाळूला लावून पाहिली आणि ग्लास उजेडाकडे धरून म्हणाली, "अगं, ही तर अंबाडीची बोंडं!"

होतीच. अस्वानकडे पिकणारी, वाळवून उकळलेली, लाल अंबाडीची बोंडं. लातूरकडे आमच्या बांधावर ती कुणी मोजतही नाही. इथे त्यांना पुदिन्याचं पान आणि उंच ग्लास मिळाला होता.

मग टोपलीतून रोटी आली, गरम, फुगलेली, कोंड्याने खरखरीत. जगभरचे बरेच अरब रोटीला खुब्ज म्हणतात. मिसरी, म्हणजे इजिप्तचा, माणूस एश म्हणतो. मूळ शब्द तोच, ऐश, म्हणजे जगणं. आपल्याकडे येईपर्यंत त्याच शब्दाला अत्तराचा वास लागला. तिथे २०११ सालच्या उठावात कैरोच्या तहरीर चौकात लोक ओरडत होते ते 'एश, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय' असं. सरकारी अनुदानाची रोटी तीसहून अधिक वर्षं ५ पियास्त्रांना मिळायची, २०२४च्या जूनमध्ये ती २० झाली. १०० पियास्त्रांचा एक पाउंड. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मेन्यूची उजवी बाजू वाचताना मी सोयीस्करपणे विसरले.

नवऱ्याने हमाम मागवलं: कबुतर, पोटात फरीक भरलेलं. फरीक म्हणजे हिरवा गहू कणसासकट भाजून काढलेले दाणे. आपल्या ओंब्यांचाच धुरकट वास. कबुतराला हाडंच फार, त्यामुळे पुढचा अर्धा तास तो संभाषणातून बाद.

मी मुलुखिया घेतली. तागाची कोवळी पानं अर्धचंद्री सुरीने अगदी बारीक चिरून रश्शात सोडायची. हिरवीगार, भेंडीसारखी बुळबुळीत आमटी. हजारेक वर्षांपूर्वी अल-हाकिम नावाच्या फातिमी खलिफाने हिच्यावर बंदी घातली होती. बंदी कुठल्या कुठे गेली, मुलुखिया राहिली. खरी गंमत फोडणीची. तुपात ठेचलेला लसूण आणि धणे लाल करायचे आणि ती फोडणी, तिथली तश्शा, चर्रकन पातेल्यात ओतायची. त्याच क्षणी करणाऱ्या बाईने मोठ्याने श्वास आत ओढायचा, दचकल्यासारखा. त्याला शहका म्हणतात. वेटर म्हणाला, शहका नाही तर चव नाही. "मग इथे कोण घेतं?" मी विचारलं. आत सगळे पुरुष आचारी आहेत, तो म्हणाला, ते लाजतात. मग इकडेतिकडे बघून त्याने स्वतःच एक शहका घेऊन दाखवला. त्याच्या आजीचा असावा. शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली.

लसणाचा तो वास आईपर्यंत पोचला आणि ती खुर्चीतून वाकली. अंबाडीच्या भाजीवर वरून घालायची लसणाची फोडणी, अगदी तीच. ताटलीत मी चमचाभर काढणार, एवढ्यात वेटरने प्रामाणिकपणे सांगितलं की रस्सा सशाचा आहे. माळकरी आई जागच्या जागी मागे सरली. अख्ख्या मेन्यूत माहेरच्या सगळ्यात जवळचा पदार्थ, आणि मध्ये ससा. तिने मग वालासारख्या फूल नावाच्या दाण्यांची घट्ट हिरवी बिसारा एशला लावून खाल्ली, वर तळलेला कांदा. बरी आहे म्हणाली. नजर माझ्या वाडग्यावर.

"तागाची पानं खातात होय," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "आम्ही नुसते दोर वळले." अंबाडीचेही वळायचे. एका दोराच्या झाडाचं सरबत, दुसऱ्याची आमटी, आणि आम्ही पितळी परातीशी रुमाल लावून बसलेलो.

बिलाला तिथे हिसाब म्हणतात, त्यामुळे ते न मागताही समजलं. १२ टक्के सेवा, त्यावर १४ टक्के कर, आणि दाराशी बक्षीस, तेही याच नावाने. आईने कागद हातात घेऊन सरबताची ओळ बोटाने शोधली, आकडा रुपयांत करून मागितला आणि कागद परत दिला. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी खान अल-खलिलीत मसाल्याच्या दुकानापाशी ती थांबली. पोत्यातली वाळकी लाल बोंडं मुठीत घेतली, हुंगली, घासाघीस करून अर्धा किलो घेतली. बांधावर फुकट मिळतात, हे माझ्या ओठावर आलं होतं. पिशवी तिने विमानात मांडीवरच ठेवली.