वाडीला मुक्काम, तोही पुजाऱ्यांच्या घरी

कोल्हापूर-सांगली भागात नुसतं 'वाडीला जाऊन येतो' म्हटलं की ती नरसोबाची वाडीच. शिरोळ तालुक्यातलं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं हे दत्तक्षेत्र. नृसिंह सरस्वतींचं इथं १२ वर्षं वास्तव्य होतं, मग ते गाणगापूरला गेले. आता गावात एसी खोल्यांचे लॉज झालेत. तरी आजी-आजोबा ज्या घरी उतरायचे त्याच पुजाऱ्यांकडे उतरायची रीत टिकून आहे, आणि आमच्या मते वाडी कळते ती तिथूनच.

जायच्या ४-५ दिवस आधी फोन करायचा. माणसं किती, पोचणार कधी, जेवण किती पानं, अभिषेक करायचा का, एवढं सांगितलं की झालं. नंबर हरवला असेल तर आडनाव आणि मूळ गाव सांगून चौकशी करायची, बहुधा दार सापडतं. गुरुवार, पौर्णिमा, दत्तजयंती, गुरुद्वादशी टाळा. त्या दिवशी न कळवता गेलात तर खोली सोडा, ओसरीही मिळायची नाही. सोमवार-मंगळवार उत्तम.

खोलीत गाद्या, सतरंजी, खुंट्या आणि पंखा, बाकी फारसं काही नसतं. न्हाणीघर बहुतेक घरांत सामायिक, म्हणून चादर, टॉवेल आणि साबण सोबत न्या. अभिषेकाला बसणाऱ्या पुरुषांनी सोवळं किंवा धोतर घ्यावं. विसरलात तर ऐनवेळी पुजाऱ्यांकडे मागावं लागतं, आणि ते बेतानंच नेसता येतं. पानात वरण-भात, आमटी, भाजी, पोळी. कांदा-लसूण नाही. कृष्णाकाठची वांगी असतील तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लाजू नका.

घराचं घड्याळ देवळावर चालतं. पहाटे काकडआरती, दुपारी पादुकांची महापूजा, रात्री पालखी, मग शेजारती. शेजारतीनंतर गाव लवकर निजतं. उशिरा पोचणार असाल तर आधी कळवा, नाहीतर झोपलेल्या घराची कडी वाजवत उभं राहावं लागेल.

नदीचं मात्र वेगळंच. देऊळ घाटाच्या पायऱ्या उतरून अगदी पाण्यालगत आहे, त्यामुळे पावसाळ्यात कृष्णा थेट गाभाऱ्यात येते. पाणी उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना झाला तर चढता, ओसरताना झाला तर उतरता. त्या प्रवाहात स्नान करायला माणसं रात्री-अपरात्रीही धावत येतात, कारण वेळ हाती फार थोडा असतो: वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की देऊळच पाण्याखाली जातं. तेव्हा उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथं चालते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये 'पादुकांचं दर्शन होईलच' असं धरून मुलाबाळांसह निघू नका. आदल्या दिवशी पुजाऱ्यांना पाण्याची पातळी विचारा. टीव्हीपेक्षा त्यांचा अंदाज खरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पूर गावातच शिरला होता, रस्ते बंद होते.

पूर ओसरल्यावरचे दिवस त्याहून फसवे. पायऱ्यांवर बोटभर गाळ बसलेला असतो, वरून वाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा. म्हाताऱ्या माणसांना कठड्याच्या बाजूनं, अनवाणी उतरवा. ओल्या चपलेनं पाय हमखास सटकतो. पंचगंगेचं पाणी वरच्या गावांच्या सांडपाण्यानं खराब होतं, तेव्हा तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावायचा मोह आवरा.

येण्यासाठी रेल्वेनं जयसिंगपूर (साधारण १५ किलोमीटर) किंवा मिरज, पुढे एसटी. हाताशी अर्धा दिवस असेल तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर करून या. ४८ खांबांचा, वर आभाळाला उघडा स्वर्गमंडप सकाळच्या उन्हात पाहावा.

निघताना बासुंदी. ती शेवटी घ्या, बसची वेळ पाहून. उन्हाळ्यात दुपारी घेऊन पुण्यापर्यंत नेली तर ती आंबते, कारण आटवलं तरी ते दूधच. लांब जायचं असेल तर पेढे आणि कवठाची बर्फी बरी. बर्फीत साखर भरपूर, म्हणून ती टिकते. बासुंदी तिथंच, पुजाऱ्यांच्या ओसरीवर बसून संपवावी.