बुटांच्या खोक्यातले ट्रायलोबाईट

शनिवारी लेक्चर संपवून बसले होते तर एक ताई बुटांचा खोका घेऊन आल्या. मी पुण्यात कॉलेजात जिऑलॉजी शिकवते त्यामुळे लोक दगड घेऊन येतातच, बहुतेक वेळा आपल्या बेसॉल्टमधले झिओलाइटचे स्फटिक असतात नाहीतर कुणालातरी उल्का सापडलेली असते. खोका उघडला आणि आत कापसात ठेवलेले चक्क ट्रायलोबाईट, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या, कवचवाल्या, कधीच नामशेष झालेल्या प्राण्यांचे जीवाश्म!

आपल्याकडे हे मिळायची शक्यताच नाही हो. ट्रायलोबाईट 25 कोटी वर्षांपूर्वी संपले आणि पुण्याखालचा दगड म्हणजे जेमतेम साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ताईंचे वडील बोटीवर होते, जाईल तिथून आणायचे, ते मागच्या वर्षी गेले. प्रत्येकाला त्यांनी चिठ्ठी चिकटवलेली पण गोंद सुकून सगळ्या खोक्याच्या तळाशी पडलेल्या. ताई म्हणाल्या, मॅडम, कुठली चिठ्ठी कुणाची एवढं सांगा.

हँडलेन्स काढली आणि मधल्या धडाचे कप्पे मोजायला बसले. ट्रायलोबाईट म्हणजे तीन खंडांचा, आणि तीन खंड म्हणजे डोकं, धड, शेपूट असं सगळ्यांना वाटतं पण नाव पडलंय ते उभ्या तीन भागांवरून, डावा, मधला, उजवा. काळेभोर, करड्या शेलमधले (चिखल थराथरानं घट्ट होऊन झालेला खडक), कप्पे 13, म्हणजे एलराथिया जातीचे, अमेरिकेतल्या युटाच्या हाउस रेंज डोंगरांमधले, साधारण 50 कोटी वर्षांचे. त्यातल्याच एका तुकड्यावर धण्याएवढा ठिपका होता, ताईंना ती घाण वाटलेली. तो ॲग्नोस्टिड गटातला चिमुकला प्राणी निघाला, धडाला फक्त 2 कप्पे, डोळे नाहीत, डोकं कुठलं आणि शेपूट कुठली ते पटकन कळत नाही.

मोरोक्कोचे फॅकॉप्स जातीचे ट्रायलोबाईट लगेच ओळखू आले कारण डोळ्यातलं एकेक भिंग सुटं दिसतं, कॅल्साइट या खनिजाचं भिंग, इतक्या वर्षांनी तसंच, मी दर वेळी थांबून बघतेच. पण त्यांच्याशेजारचा मोठा, काटेवाला, वडिलांचा सगळ्यात लाडका, त्याच्यात बारीक गोल बुडबुडे दिसले. दगडात असे बुडबुडे नसतात. गरम सुई टोकवली तर प्लॅस्टिक जळाल्याचा वास, रेझिनच. सांगताना मला फार जड गेलं. ताई गप्प बसल्या, मग म्हणाल्या, पुढचा बघा.

पुढचा म्हणजे एक तुटकं डोकं, कडेचे गाल गळलेले, बहुतेक कात टाकलेली, आणि पूर्ण तिरकं, जणू कुणी एका बाजूनं ढकललंय. त्या म्हणाल्या हे खराब झालंय ना, फेकून देऊ का? मी अक्षरशः ओरडले, नको! तळाशी उरलेल्या चिठ्ठ्यांत एक होती, "स्पिती, पाराहिओ", म्हणजे हिमाचलमधलं पाराहिओ नदीचं खोरं. युटाचा शेल शांत पडून राहिला म्हणून तिथला एलराथिया सरळ, पण स्पितीचा खडक हिमालय वर येताना दाबला गेला, पिळला गेला, आणि त्याच्याबरोबर हे डोकंही. त्याच खोऱ्यातून हेडन या भूवैज्ञानिकानं गोळा केलेल्या जीवाश्मांचं वर्णन रीड या जीवाश्मतज्ज्ञानं 1910 मध्ये छापलं. असे पिळलेले नमुने बघून पूर्वी एकाच प्रजातीला दोन-दोन नावं पडलीयत, म्हणून मी नाव लिहिलं नाही, फक्त कँब्रियन (साधारण 50 कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला) ट्रायलोबाईट, डोक्याचा मधला भाग, आणि खाली वडिलांचीच चिठ्ठी चिकटवली. जिथून उचलला ते ठिकाण हरवलं की जीवाश्माची निम्मी माहिती गेलीच म्हणून समजा, इथं ती वाचली.

ताईंना आठवलं की त्या दहावीत असताना बाबा सुट्टीत ट्रेकला गेले होते आणि येताना फक्त दगड आणले म्हणून आई चिडलेली.

दोन नमुन्यांचं काही जमेना, तिथं "ठिकाण अज्ञात" लिहिलं, अंदाज नाही मारला. खोका बंद करताना ताईंनी तो रेझिनचा पुन्हा पुढे केला, म्हणाल्या ह्याची पण चिठ्ठी लिहा मॅडम, बाबांनी आणलाय. मी लिहिलं, नक्कल, रेझिन, मोरोक्को.