किटची बिअर जास्त मुरवली तर? तुम्ही विचारलंत म्हणून

"किटची बिअर जितकी जुनी तितकी चांगली, हे खरं का?" सोलापुरातून मेलबर्न, ऑकलंड, लंडनला गेलेली मुलं हे सारखं विचारतात. किट म्हणजे घरी बिअर करायचा तयार संच. तिकडे घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक आहे. आपल्याकडे नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, तेव्हा पुढचं सगळं तिकडच्या स्वयंपाकघरांसाठी.

पहिले दोन-तीन महिने हो. त्यानंतर बहुतेक वेळा नाही. कैरीचं लोणचं मुरतं आणि शेंगाचटणी खवटते, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. किटची बिअर आधी लोणच्यासारखी वागते, मग शेंगाचटणीसारखी.

आधी मुरण्याचं बघू. नेहमीचं किट म्हणजे हॉप्स (कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं) घातलेल्या माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) अर्काचा १.७ किलोचा डबा, किलोभर साखर किंवा डेक्स्ट्रोज (ग्लुकोज), यीस्टची पुडी आणि पाणी घालून एकूण २३ लिटर. १८ ते २१ अंशांत आठ-दहा दिवस आंबवलं की साधारण साडेचार टक्क्यांची बिअर होते. ती लगेच चाखली तर सोललेल्या हिरव्या सफरचंदासारखा वास येतो. तो ॲसिटाल्डिहाइडचा. साखरेचा अल्कोहोल करताना यीस्ट तो वाटेत तयार करतं आणि वेळ दिला तर स्वतःच संपवतं. लोण्यासारखा वास येतो तो डायॲसिटिलचा, त्याचीही तीच गत. म्हणजे बिअर मुरवायचं काम जिवंत यीस्ट करतं आणि त्याला ऊब लागते. बाटल्या भरून चौथ्याच दिवशी फ्रिजात टाकणाऱ्यांची बिअर गोडसर आणि बिनफेसाची राहते ती याचमुळे. भरताना फेसासाठी लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीला ६ ग्रॅम साखर घाला, झाकण दाबा आणि पहिले दोन-तीन आठवडे बाटल्या २० अंशांच्या आसपास, अंधारात ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात एक बाटली हळूच उचलून ट्यूबलाइटसमोर धरा. बिअर धुरकट दिसेल, तळाशी यीस्टचा सैल थर असेल आणि बाटली जरा तिरकी केली की तो ढगासारखा वर उठेल. आठव्या आठवड्यात त्याच घाण्यातली दुसरी बाटली धरा. आता थर लेपासारखा घट्ट चिकटलेला, वरची बिअर नितळ. ओतली की बुडबुडे बारीक आणि फेस टिकणारा. कडवटपणा जिभेला टोचत नाही. लोक "जुनी झाली की सुधारते" म्हणतात ते हेच, आणि इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या.

इथून पुढे बाटलीतली हवा आपलं काम करते. शेंगदाण्याचं तेल हवेनं खवटतं, तसे माल्टमधले स्निग्ध अंश बिघडतात आणि पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी चव येते. पण सगळ्यात आधी जातो तो हॉप्सचा सुवास. म्हणून वरून हॉप्स घातलेली आयपीए (हॉप्सचा भर असलेली बिअर) महिन्या-दीड महिन्यात संपवावी. ती मुरवत ठेवणं म्हणजे मोगऱ्याचा गजरा उद्यासाठी राखून ठेवणं. भरताना नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या, बिअर वरून खळखळ सोडू नका. प्लास्टिकच्या बाटलीतून हवा हळूहळू झिरपतेच, त्यामुळे लांब ठेवायची असेल तर तपकिरी काच बरी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड लागला तर हॉप्सलाच दुर्गंधी सुटते.

उष्णतेचा ढोबळ हिशोब असा: ३२ अंशांत ३ दिवसांत जेवढं बिघडतं, तेवढं २२ अंशांत ३० दिवसांत आणि ३ अंशांत ३०० दिवसांत. मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याच्या खोलीत ज्यानं दुपार काढली आहे, त्यानं जानेवारीतलं, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातलं, मेलबर्नचं गॅरेज तसंच समजावं. बिअर मुरली की तिची जागा फ्रिज.

आता माझी खरी तक्रार. बिघडलेली बिअर "ठेवू अजून थोडी, होईल नीट" म्हणून कपाटात सारतात. आंबट झालेली, उघडताच कारंजं उडवणारी बिअर म्हणजे बाटलीत किंवा नळीत जंतू राहिले. ते आत खातच राहतात, बिअर आणखी बिघडते. २८ अंशांत आंबवलेल्या बिअरला येणारा थिनरसारखा उग्र वास महिने ठेवूनही फारसा जात नाही. किटची म्हणून ओळखली जाणारी ती शाईसारखी चव बऱ्याचदा जुन्या डब्याची असते. अर्क डब्यातच काळपट होत जातो, म्हणून विकत घेतानाच तारीख बघा. आणि घाई करून भरलेली बाटली तर फुटते. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा सलग तीन दिवस तोच आला, साध्या किटला १.०१०च्या आसपास, तरच भरा. आकडा वरच अडकला असेल तर थांबा. भरल्यावर शंका आली तर जाड हातमोजे आणि चष्मा घालून बाटल्या थंड करा आणि झाकणं सैल करून वायू सोडा.

वर्षभर ठेवण्याजोगी बिअर हवी असेल तर ती मुळातच जड करावी लागते. स्टाउटचे (भाजलेल्या माल्टच्या काळ्या बिअरचे) दोन डबे, किलोभर डेक्स्ट्रोज, पाणी मात्र एकूण १८ लिटरपर्यंतच, आणि यीस्टच्या दोन्ही पुड्या. ही सात टक्क्यांच्या वर जाते. पहिले तीन महिने ती रांगडी लागते, सहाव्या महिन्यानंतर गोलाई येते. भाजलेल्या माल्टच्या दाट चवीत थोडं जुनेपण खपून जातं, उलट मनुकांसारखी छान चव येते. साध्या लागरला, म्हणजे फिकट, हलक्या बिअरला, हे झेपत नाही.

झाकणावर मार्करनं तारीख लिहा आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आठवड्यात एकेक बाटली उघडून चव वहीत टिपून ठेवा. आषाढीच्या सुमारास भरलेली साधी लागर दसऱ्यापर्यंत संपवा. दिवाळीला पाहुणे येणार असतील तर त्यांच्यासाठी श्रावणात वेगळी लावा.