मोबाईल काढून घेतला म्हणजे सुटत नाही

आज सांगलीच्या विश्रामबागेत अकरावीतल्या एका पोराशी आणि त्याच्या आईशी बराच वेळ बोललो. क्लासची फी बेटिंगच्या ॲपमध्ये गेली, मग मित्रांकडून उसने, मग आईच्या फोनवरून यूपीआय. बोलताना त्याचा अंगठा मांडीवर सारखा वर सरकत होता, हातात फोन नसतानाही. "गेलेले परत आले की सोडणारच होतो, सर." हेच ते चक्र. सुरुवातीला थोडं जिंकवतं, मग हरलेलं भरून काढायला पुन्हा लावायचं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला. लिंका मात्र पोरांच्या ग्रुपवर फिरतातच, राग येतो.

"ह्याच्या पप्पांना कळलं तर चामडी सोलतील," आई म्हणाली. म्हटलं, ताई, मारू देऊ नका, आणि गुपचूप देणी फेडूही नका. पिन आजच बदला. कुणाचे किती ते त्यालाच लिहू द्या. त्यानं वही ओढली. दुसऱ्या नावाला रडला, तरी यादी पुरी केली.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सांगली-मिरजेत कुणाच्या घरी असं चालू असेल तर मला मेसेज करा, मी सोबत येतो.