सहाचं दान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच, विचारणारे तेवढे बदलतात: "तुम्ही इतक्या देवभोळ्या, रोज प्रार्थना करणाऱ्या, मग सुटीच्या दिवशी पोरांना घेऊन फासे खुळखुळवत कशा बसता? त्यातून ती काय शिकणार?" 'देवभोळ्या' हा शब्द मला मुळीच आवडत नाही, पण तो वाद पुन्हा कधीतरी.

माझी प्रार्थनेशी ओळखच मुळी लुडोच्या पटावर झाली. सोंगटी बाहेर काढायला सहा लागतात आणि मला ते पडायचेच नाहीत. फासा मुठीत धरून, डोळे मिटून मी देवाला काय काय कबूल करायची! अभ्यास करीन, खोटं बोलणार नाही, धाकट्याला चिमटे काढणार नाही. एकदा फार वेळाने सोंगटी बाहेर पडली, तर धाकट्याची बरोबर तीन घरं मागे. मी डोळे किलकिले करून पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. माझी सोंगटी मारायला तो त्याच देवाकडे तीन मागत होता! बाबा पेपर वाचत होते. तो खाली न करताच म्हणाले, "त्याला यात ओढू नका रे. त्याला तुम्ही दोघंही सारखीच."

पुढे गणितात संभाव्यता शिकले तेव्हा पहिला हिशेब याच दुःखाचा केला. लागोपाठ दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात सुमारे १६. आणि चौघं खेळायला बसली, तर त्यांतला एक तरी असा अडकून पडण्याची शक्यता जवळपास निम्मी. म्हणजे देव माझ्यावर रुसला वगैरे नव्हता. हे कळल्यावर माझी श्रद्धा उडायला हवी होती, असं एकजण मला म्हणाला. झालं उलटंच. तोवर फसलेलं प्रत्येक दान मला माझ्या कुठल्यातरी पापाची पावती वाटायचं. ते ओझं उतरलं आणि मागण्याखेरीजही प्रार्थनेत काही असू शकतं, हे सुचायला जरा जागा झाली.

सापशिडीचा जुना पट मात्र अशा पावत्यांचाच होता. ज्ञानचौपड किंवा मोक्षपट म्हणतात तो. वैष्णव पटाला बहुधा ७२ घरं, जैन पटाला ८४. घराघरात गुण-दुर्गुण लिहिलेले: शिडीच्या पायाशी दया, भक्ती, सापाच्या तोंडाशी अहंकार, क्रोध, चोरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळ इंग्लंडात पोहोचला, तिथल्या पटांवरही आधी नीतीचे पाठ होते. पुढे ते गळाले आणि १०० घरं, साप आणि शिड्या तेवढ्या उरल्या. मला त्या जुन्या पटातलं एक कायम खटकायचं. अहंकाराच्या घरात तुम्ही अहंकारामुळे जात नाही, पाच पडले म्हणून जाता. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यायचा नसतो. मग यात गुण कसला नि दुर्गुण कसला?

पटावरून नजर काढा आणि भोवती बसलेल्यांकडे बघा. साप चावल्यावर पट उधळणारा, दुसरा घसरल्यावर खिदळणारा, हळूच एक घर जास्त मोजणारा.

यात मीही एकदा सपशेल नापास झाले. मुलगी सहा वर्षांची, सलग दोन डाव हरून रडकुंडीला आलेली. माझे चार पडले. चौथ्या घरात शिडी, तिसऱ्यात साप. मी तीनच घरं गेले आणि "अरे देवा!" म्हणत घसरले. तिने बोट ठेवून घरं मोजली.

"आई, चार पडले होते."

"अगं हो, चुकलंच."

"चुकलं नाही. मुद्दाम केलंस. मग मी जिंकले असते ते कोणाशी?"

तिने माझी सोंगटी उचलून शिडीवर ठेवली, तो डाव हरली, भोकाड पसरलं आणि नाक पुसत पट पुन्हा मांडला. खोटं बोलणार नाही म्हणून देवाला कबूल केलेलं माझं अजून फिटलेलंच नव्हतं.

शेवटच्या वर्षांत माझी आई बरंच काही विसरली. फासा हातात दिला की मात्र खुळखुळवायची. आपली सोंगटी कोणती हे लक्षात राहायचं नाही. त्यामुळे कुणाचीही शिडीवर चढली की टाळ्या आणि कुणालाही साप चावला की "अरेरे". एकदा तिची पिवळी ९९ वर येऊन अडली. शंभरावर जायला नेमका एकच हवा. डावभर सहा मागणारे आम्ही सगळे आता तिच्यासाठी एक मागत होतो. धाकटाही, त्याची स्वतःची सोंगटी ९७ वर होती, डोक्यावर टक्कल पडलं होतं, आणि ओठ तसेच हलत होते. मी डोळे मिटले नाहीत. मला तिचा हात बघायचा होता.

दोन पडले. आईने टाळ्या वाजवल्या.