कास ते महाबळेश्वर राजमार्गानं जायचं असेल तर दिवाळीनंतर बघा

सप्टेंबरात कास बघून पुढे महाबळेश्वर करायचा बेत असेल आणि कुणी म्हणालं, "खाली कशाला उतरता, वरच्या वर, डोंगरधारेवरच्या राजमार्गानं जा, तासाभरात पोचाल," तर अजिबात ऐकू नका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा. आम्हाला हे साताऱ्यात ज्या लॉजवर उतरलो तिथल्या मॅनेजरनं सांगितलं. "नवीन डांबर पडलंय, पाण्यासारखी गाडी जाते," हे त्याचे शब्द. फोनमधल्या नकाशानंही तोच रस्ता दाखवला आणि तासाभराचीच वेळ दिली. दोन्हीकडून एकच उत्तर आल्यावर तिसऱ्याला कोण विचारतं?

मी आणि सुजाता शाळेपासूनच्या मैत्रिणी. सांगलीहून एका बुलेटवर निघालो होतो. दोघींनाही गाडी चालवता येते, घाट आणि पाऊस दोघींनाही नवीन नाहीत. चांगले रेनकोट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, पंक्चर किट आणि चार-पाच किलोमीटर चढ चालायची तयारी तुमच्याकडे आहे असं धरूनच पुढचं लिहितेय. हे नसेल तर साताऱ्याहून कास करा आणि साताऱ्यालाच परत या, तोही दिवस छान जातो.

साताऱ्यातून समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे यायचं. बोगद्यातून सरळ गेलात तर सज्जनगडाकडे जाल. कासला बोगद्यात न शिरता यवतेश्वरचा घाट चढायचा. रस्ता चांगला आहे. पेट्रोलची टाकी साताऱ्यातच पूर्ण भरा, वर गेल्यावर भरवशाचं काही नाही. बायकांसाठी अजून एक: कासचं पार्किंग सोडलं की बामणोलीपर्यंत आम्हाला धड स्वच्छतागृह मिळालं नाही, त्या हिशोबानं पाणी प्या.

कासबद्दल सगळ्यांनी इतकं लिहून ठेवलंय की मी थोडक्यात आटोपते. शनिवार-रविवारी जाऊ नका. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे, बुकिंग ऑनलाइन होतं आणि सुट्टीच्या दिवसांचं आधीच भरतं. आम्ही बुधवारी गेलो. तेरड्याचे गुलाबी गालिचे होते, मधूनमधून सोनकी, आणि पाणी झिरपत होतं तिथं सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. कुमुदिनी तळ्याकडे जाणारा पठारावरचा राजमार्गाचा तुकडा पायी चालायचा आहे. तो चाला, अजिबात चुकवू नका. त्या तुकड्यावर चालताना फार बरं वाटलं होतं, आणि पुढचा राजमार्गही असाच सुंदर असेल असं दोघींच्याही मनात बसलं.

कास तलावावरून पुढे उतरत गेलं की बामणोली. सप्टेंबरअखेर कोयनेचा शिवसागर जलाशय तुडुंब असतो, पाणी अगदी बोटींच्या धक्क्याशी येतं. इथं एका गोष्टीसाठी सावध राहा. गाडी लावतोय तोवर एक जण आला, "मॅडम, बोटिंग? माणशी ७००, दत्त मंदिर आणि त्रिवेणी संगम." पैसे त्याच्याच हातात द्यायचे, पावती नाही. सुजाता बँकेत आहे, पावतीशिवाय ती कुणाला दहा रुपये देत नाही. ती सरळ तिकिटाच्या खिडकीवर गेली. तिथल्या फलकावर दर माणशी नव्हताच, अख्ख्या बोटीचा होता! शेजारी फलटणचं एक कुटुंब बोट भरायची वाट बघत बसलं होतं. त्यांच्यात आम्ही दोघी मिसळलो आणि त्या माणसानं सांगितलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमीत काम झालं. तर फलक वाचा, खिडकीवरच पैसे भरा, पावती घ्या, लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोटीत बसू नका. तोच माणूस आम्हाला "वासोटा पण करून देतो" म्हणत होता. वासोटा पावसाळ्यात बंद असतो. ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथं कुणी नेतो म्हणाला तर उलट पावली परत फिरा. किल्ला करायचाच असेल तर मोसम सुरू झाल्यावर, ओळखपत्राची प्रत घेऊन, सकाळी लवकर बामणोलीत पोचा.

जेवून दोनच्या सुमारास निघालो. आता मुख्य गोष्ट.

अंधारीकडून वर चढायचं, मग कोळघर, सह्याद्रीनगर, गाळदेव करत माचुतरला महाबळेश्वरच्या मोठ्या रस्त्याला लागायचं, असा हा मार्ग. वस्ती आहे तोवर डांबर होतं, खड्डे होते, पण गाडी जात होती. मॅनेजरनं बहुधा एवढाच भाग कधीतरी पाहिला असावा. नंतर डांबराचे तुकडे सुरू झाले, मग सुटी खडी, मग खडीही संपली आणि उरला लाल चिखल. दोन्ही बाजूंनी डोक्याइतकी कारवी, आणि मधे ट्रॅक्टर किंवा जीपच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, काठोकाठ पाण्यानं भरलेल्या. फोनला रेंज नाही. चारच्या आत धुकं उतरलं आणि वीस-पंचवीस पावलांपुढचं दिसेना.

हा रस्ता डोंगरधारेवरून जातो. पूर्वेला वेण्णेचं खोरं, पश्चिमेला सोळशी आणि पलीकडे कोयना. पश्चिमेकडून येणारा पाऊस आधी इथंच आदळतो. खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर; पाणी मुरणार कुठं? ते रस्त्यावरच साचून राहतं. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी हा रस्ता वाळत नाही. साताऱ्यात आठवडाभर ऊन होतं, त्यावरून वरचा अंदाज बांधू नका.

आणि मागे माणूस बसलेला असताना बुलेट तिथं सांभाळता येत नाही. गाडीच १९० किलोच्या वर, त्यात सामान. पहिल्या मोठ्या डबक्यापाशीच सुजाता उतरली आणि मग बहुतेक वाट ती पायीच चालली. तिनं कारवीची एक वाळकी काठी तोडली होती. प्रत्येक डबक्यात आधी ती काठी घालायची, बाहेर काढून मला दाखवायची. काठीवरचा लाल ओला डाग तिच्या बुटाच्या निम्म्यापर्यंत असला तर मी गाडी चालवत काढायची. त्याच्या वर गेला तर इंजिन बंद करून दोघींनी ढकलायची. एका डबक्यात डाग खाली होता, पण तळाला जांभ्याची धार होती. पुढचं चाक तिच्यावरून घसरलं, गाडी डावीकडे कलंडली आणि क्रॅश गार्ड आणि कातळ यांच्यात माझा पाय सापडला. बूट होता म्हणून घोटा वाचला. चपला किंवा कापडी बूट घालून इथं येणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वाटेत भेटला तो एकच माणूस, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेल्या जुन्या स्प्लेंडरवर समोरून येत होता. आम्हाला बघून थांबला.

"ताई, चाकोरीत घालू नगा. मधल्या गवतावरनं घ्या, न्हाईतर बसंल गाडी."

"दादा, पुढं कसा आहे?"

"असाच हाय. गाळदेवच्या अलीकडं एक वगळ हाय, तिथं उतरून ढकला. आन् अंधार पडायच्या आत जावा, गवं असत्यात."

त्याचं सगळं खरं निघालं. मधल्या गवताच्या पट्ट्यावर चाक धरतं, चाकोरीत घुसतं. या एका सूचनेनं आमचा पुढचा तास वाचला. दुसरा गिअर, क्लच न दाबता, पुढच्या ब्रेकला हात न लावता. वगळ, म्हणजे आडवा ओढा, आम्ही सामान उतरवून पार केला: आधी बॅगा पलीकडे, मग गाडी. गवा दिसला नाही, पण वाटेत ताजं शेण पडलेलं होतं आणि आजूबाजूला गुरं नव्हती. त्यानंतर आम्ही दोघी बोललोच नाही, फक्त पुढे जात राहिलो.

एवढं सगळं लिहूनही एक सांगितलं नाही तर खोटेपणा होईल. सह्याद्रीनगरच्या पुढे कुठंतरी धुकं पाच-सात मिनिटं फाटलं. डावीकडे खाली शिवसागराचे फाटे, उजवीकडे वेण्णेच्या खोऱ्यातली भातखाचरं, आणि आम्ही मधल्या धारेवर, चिखलानं माखलेल्या. सुजातानं काठी टाकून दोन्ही हात पसरले आणि जोरात ओरडली. असा देखावा मी साताऱ्यात दुसरीकडे कुठंच पाहिलेला नाही. जानेवारीत, कोरड्या रस्त्यावर, सकाळी निघून, दोन गाड्या बरोबर असतील तर मी हाच रस्ता पुन्हा करेन. पण सप्टेंबरात, एका गाडीवर दोघं, दुपारी दोन वाजता? कुणालाही करू देणार नाही.

माचुतरला डांबर लागलं तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते. लॉजच्या मॅनेजरला मी तिथूनच फोन केला. "मागच्या वर्षी तर चांगला होता," एवढंच त्याचं उत्तर. तर कुणी रस्ता सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेला होतात, आणि कुठल्या गाडीनं? वरच्या रस्त्याची खरी बातमी दूधवाल्याकडे असते, नाहीतर वडापच्या, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणाऱ्या, जीपवाल्याकडे. बामणोलीत असे दोघं-चौघं सहज भेटतात. पर्यटकांशी ज्यांचा धंदा आहे त्यांना विचारू नका.

योग्य रस्ता असा. कास किंवा बामणोली झालं की कुसुंबीवरून मेढ्याला उतरा. मेढ्यात पेट्रोल आहे, गॅरेज आहे, चहा-भजी आहे. तिथून केळघर घाटानं महाबळेश्वर. लांब पडतं, पण उजेडात आणि धडधाकट पोचता. फक्त २०२१ च्या जुलैतल्या पावसात याच घाटात दरडी कोसळून रस्ता तुटला होता, तेव्हा रात्रभर जोराचा पाऊस झाला असेल तर मेढ्यात थांबून घाट चालू आहे का ते विचारा. खाली टेकणारी लहान कार असेल तर राजमार्गाचा विचार कुठल्याच महिन्यात करू नका. उंच गाडी असेल तर दिवाळीनंतर, वरच्या गावातल्या माणसाला विचारून.

महाबळेश्वरात दोन दिवस राहिलो, अंग दुखत होतं, पंचगंगा मंदिर आणि प्रतापगड झाला. स्ट्रॉबेरी सप्टेंबरात नसते, जी 'ताजी' म्हणून विकतात ती घेऊ नका. बाकी सगळं ठीक.

परतीला केळघर घाटानं उतरलो आणि निम्म्या घाटात मागचा ब्रेक लागेनासा झाला. पायाखाली पॅडल नुसतं खाली जात होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पुढच्या ब्रेकनं थोडं थोडं धरत मेढ्यापर्यंत आणली. गॅरेजमधल्या पोरानं चाक खोलून पॅड माझ्या तळहातावर ठेवला: पत्र्यापर्यंत घासलेला, कडेला लाल मातीचा थर सिमेंटसारखा बसलेला. "वरनं आलाय न्हवं?" एवढंच विचारलं त्यानं. लाल चिखलातून गाडी काढली असेल तर उतरायच्या आधी महाबळेश्वरातच चाकं धुऊन घ्या आणि दोन्ही ब्रेक पॅड उघडून बघायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते झाल्याशिवाय कुठल्याही घाटात गाडी घालू नका.